नौबत : दारातली आणि नशिबातली

फोंड्याहून एका वाचकाने विचारले आहे की, मंगेशीच्या देवळात नौबतखाना आहे, त्यातली नौबत आणि ‘कर्ज काढण्याची नौबत आली’ यातली नौबत एकच का. आणि ‘सत्कार करण्याची नौबत आली’ असे म्हणता येते का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ एवढेच आहे. पणजीच्या सभागृहांतून निवेदक हे वाक्य मोठ्या उत्साहाने म्हणतात आणि सत्कारमूर्ती हसतमुखाने ऐकून घेतात. त्याचा अर्थ मात्र ‘दुसरे कोणी मिळाले नाही, म्हणून नाइलाजाने यांना शाल पांघरतो आहोत’ असा होतो.

‘नऊ वाद्ये म्हणून नौबत’ ही व्युत्पत्ती जे जाणकार अजून सांगत फिरतात, त्यांनी एकदा अरबी कोश उघडावा. मूळ शब्द ‘नौबा’, अर्थ पाळी. ठरल्या वेळी सत्ताधीशाच्या दारी जे वाजते ती नौबत, आणि पुढे तो नगाराही नौबत. किती वेळा वाजावी हा दर्जाचा प्रश्न असे. दहाव्या शतकात बगदादच्या खलिफाने अदुद-उद-दौला या बुवैही घराण्यातल्या (इराण-इराकवर राज्य करणाऱ्या) अमिराला दारापुढे दिवसातून तीनदा नगारे वाजवण्याची मुभा दिली, ती केवढी तरी मेहेरबानी मानली गेली. रायगडावर सिंहासनासमोर नगारखाना आहे तो याच मानाचा. आणि आमच्याकडे देव हाच राजा असल्यामुळे तो मान देवळाच्या दारी आला. हल्ली लग्नाच्या हॉलच्या फाटकावर कर्ण्यातून ध्वनिमुद्रित चौघडा सकाळपासून झडत असतो, तिथे पाळीचा प्रश्नच उरत नाही.

आता नशिबातली नौबत. युद्धाचे नगारे वाजले की संकट आले, म्हणून नौबत म्हणजे संकट, असे स्पष्टीकरण दिले जाते. मला ते मुळीच पटत नाही, कारण नगाऱ्याची गरजच नाही. फारसीत हिवतापाला ‘तब-ए-नौबे’ म्हणतात, आणि आपल्या आजीच्या तोंडी त्याच दुखण्याचे नाव ‘पाळीचा ताप’ होते. आखातात नोकरी केलेल्या गोवेकराला तिथल्या इस्पितळात हृदयविकाराच्या झटक्यासाठी ‘नौबा कल्बिय्या’ हे शब्द ऐकू आले असतील. तिथेही नौबा आहे, नगारा नाही. दुखणे पाळीने उलटते, तशी वाईट वेळही पाळीने येते. मराठीने तर हाच प्रवास स्वतंत्रपणे केला आहे: देवळात सेवेची पाळी येते ती मानाची, आणि ‘भीक मागण्याची पाळी आली’ म्हणतो तीही पाळीच. तेव्हा माझ्या मते दोन्ही नौबती सख्ख्या बहिणी आहेत; एकीपासून दुसरी झालेली नाही.

या कुळात आणखी एक मानकरी आहे, आणि खरे तर त्याच्यासाठीच मी हे उत्तर लिहायला बसलो. त्याच अरबी धातूपासून ‘नायब’, म्हणजे दुसऱ्याच्या जागी काम पाहणारा, आणि नायबाच्या अनेकवचनापासून ‘नवाब’. पोर्तुगिजांनी त्याचा ‘नाबाबु’ केला आणि इंग्रजांनी पुढे ‘नेबॉब’. म्हणजे नवाब हा मुळात राजा नव्हेच, बदलीवरचा माणूस. ‘नवाबी थाट’ अशी पाटी लावणाऱ्या बिर्याणीवाल्यांना हे कोणी सांगू नये.