न घेतलेल्या फोनची थकबाकी: अमेरिकेत परतण्यापूर्वी करायची कामे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेत शिक्षण पूर्ण करून तुम्ही मायदेशी परतलात, आता नोकरीसाठी पुन्हा तिकडे जाणार आहात, आणि तुमच्या जुन्या पत्त्यावर एका वसुली कंपनीचे पत्र आल्याचे मित्राने कळवले. पत्राप्रमाणे तुमच्या नावावर दोन मोबाइल लाइन आणि हप्त्यांवर घेतलेले दोन हँडसेट आहेत, त्यांचे बिल कोणीही भरलेले नाही, आणि ते खाते तुम्ही देश सोडल्यानंतर उघडलेले आहे. रक्कम फार मोठी नाही, तेव्हा ती भरून विषय संपवावा का, असे तुम्ही विचारले आहे.

भरू नका. थकबाकीचा काही भाग जरी भरला, तरी समोरचा पक्ष त्याचा अर्थ तुम्ही कर्ज मान्य केले असा लावू शकतो, आणि काही राज्यांत अशा भरण्यामुळे जुन्या कर्जासाठी दावा लावण्याची कायदेशीर मुदतही नव्याने सुरू होते. शिवाय पैसे भरल्याने क्रेडिट रिपोर्टवरची, म्हणजे तुमची कर्जे आणि बिले कशी फेडली गेली याच्या अहवालावरची, नोंद आपोआप पुसली जात नाही. वसुलीला गेलेल्या खात्याची नोंद साधारणपणे सात वर्षे राहू शकते. ज्याच्या हाती तुमचा सोशल सिक्युरिटी क्रमांक, म्हणजे अमेरिकेत आर्थिक व्यवहारांत ओळखीसाठी वापरला जाणारा सरकारी क्रमांक, आहे, तो माणूस तर तसाच मोकळा राहतो.

मात्र तक्रार करण्यापूर्वी एका गोष्टीची खात्री करून घ्या. परत जाताना तुमचे स्वतःचे जुने मोबाइल खाते रीतसर बंद झाले होते का? शेवटचे बिल, हँडसेटचे उरलेले हप्ते किंवा मित्रांच्या सामायिक प्लॅनमधली तुमच्या नावावरची लाइन अशा गोष्टी मागे राहून गेल्या असतील, तर ती ओळखचोरी, म्हणजे दुसऱ्याने तुमच्या नावाने केलेला व्यवहार, ठरत नाही, आणि तिला तसे म्हणणे तुमच्याच अंगाशी येईल, कारण पुढे जो अहवाल द्यायचा आहे तो खोटा देणे हा गुन्हा आहे. पत्रातला खाते क्रमांक, खाते उघडल्याची तारीख आणि मूळ कंपनीचे नाव आपल्या जुन्या बिलांशी ताडून पाहा. तुम्ही दिलेल्या माहितीवरून तरी हे खाते तुमचे नाही असेच दिसते, म्हणून पुढचे सर्व तेच गृहीत धरून लिहितो.

या प्रकारच्या कर्जाचा प्रवास आधी समजून घ्यायला हवा, कारण सगळी अडचण त्या प्रवासात आहे. बिल थकले की मोबाइल कंपनी काही महिन्यांनी खाते बुडीत म्हणून काढून टाकते, वसुलीसाठी एखाद्या एजन्सीकडे देते, आणि कधी ते कर्ज सरळ विकून टाकते. विकत घेणारी कंपनी ते पुढे आणखी कोणाला विकू शकते. प्रत्येक हस्तांतरात मूळ अर्जाची कागदपत्रे मागे पडतात आणि पुढे जाते ती फक्त एक ओळ: नाव, सोशल सिक्युरिटी क्रमांक, रक्कम. म्हणून केवळ फोनवर एखाद्या प्रतिनिधीने "आम्ही खाते बंद केले" असे सांगितले, तर त्यावर विसंबू नये. माझ्या नावावर असेच एक खाते उघडले गेले होते, आणि मूळ कंपनीने तोंडी दिलेल्या आश्वासनानंतरही तीच थकबाकी दुसऱ्या वसुली कंपनीच्या पत्रातून पुन्हा समोर आली. ती खऱ्या अर्थाने थांबली ती लेखी कागदांनी.

पहिला कागद म्हणजे फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेचा ओळखचोरी अहवाल. तो आयडेंटिटीथेफ्ट डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य भरता येतो. तिथे खाते उघडूनच अहवाल भरा, म्हणजे तो नंतर पुन्हा उघडता येतो आणि त्यात नवी माहिती घालता येते. खाते न उघडता भरलेला अहवाल त्याच वेळी छापून किंवा जतन करून ठेवावा लागतो. कोणत्या कंपनीत, कोणत्या खाते क्रमांकाने, कोणत्या तारखेला फसवणूक झाली हे जितके नेमके लिहाल तितका तो अहवाल पुढे उपयोगी पडतो. बहुतेक कामांसाठी हा अहवाल पुरतो. चोर ओळखीचा असेल किंवा कंपनी आग्रहाने मागत असेल, तर पोलिसांकडेही तक्रार नोंदवावी. चोर ओळखीचा असण्याची शक्यता मनातून काढून टाकू नका. जुन्या घराच्या पत्त्यावर येणारी पत्रे आणि खोलीत पडलेल्या कागदपत्रांच्या प्रती अनेकांच्या नजरेखालून जातात. कोणावर संशय असेल तर लिहावा, पण खात्री नसताना नाव घेऊ नये.

तुमच्या बाजूने एक भक्कम पुरावा आहे, जो सर्वांकडे नसतो. खाते उघडले त्या दिवशी तुम्ही अमेरिकेत नव्हता. पारपत्रावरचे शिक्के, विमानाची तिकिटे आणि अमेरिकेच्या सीमाशुल्क विभागाच्या आय-९४ (परदेशी प्रवाशांच्या ये-जा नोंदींच्या) संकेतस्थळावर मिळणारा प्रवासाचा इतिहास यांच्या प्रती काढून ठेवा. दुकानात समोर उभे राहून खाते उघडले असेल, तर हा पुरावा जवळजवळ निर्णायक आहे. ऑनलाइन उघडले असेल, तर तो एकटा पुरत नाही. हँडसेट कोणत्या पत्त्यावर पाठवले गेले हे तेव्हा महत्त्वाचे ठरते, आणि ती माहिती कशी मिळवायची ते पुढे सांगतो.

दुसरे काम म्हणजे क्रेडिट रिपोर्ट पाहणे. इक्विफॅक्स, एक्स्पिरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही ब्युरोंचे, म्हणजे असे रिपोर्ट ठेवणाऱ्या कंपन्यांचे, रिपोर्ट अ‍ॅन्युअलक्रेडिटरिपोर्ट डॉट कॉम येथून दर आठवड्याला विनामूल्य मिळतात. अमेरिकेबाहेरून ऑनलाइन ओळख पटवण्यात अडचण आली, तर ओळखपत्रांच्या प्रती जोडून टपालाने मागणी करता येते. याखेरीज एनसीटीयूई नावाची एक वेगळी संस्था आहे, जिच्याकडे मोबाइल, केबल आणि वीज-पाणी यांसारख्या सेवांच्या खात्यांची माहिती जमा होते. तिच्याकडूनही आपला अहवाल जरूर मागवा, कारण मोबाइल खात्याची नोंद मोठ्या तीन ब्युरोंकडे नसतानाही इथे असू शकते, आणि तिथे पोहोचल्यावर नवा फोन घ्यायला जाल तेव्हा तीच आडवी येईल. रिपोर्ट वाचताना नावांकडे लक्ष द्या. आपले स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी रचना अमेरिकेत कधी आद्याक्षराने, कधी मधले नाव गाळून, कधी क्रम उलटा करून नोंदली जाते, आणि सारख्या नावाच्या दोन माणसांच्या नोंदी एकाच फाइलमध्ये मिसळल्याची प्रकरणे घडतात. तुमच्या रिपोर्टवर तुम्ही कधीच न राहिलेला पत्ता दिसला, तर तो चोराचा आहे की नामसाधर्म्याचा, हे तपासावे लागेल, कारण दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

आता मुख्य मुद्दा, ज्यात बहुतेकांची शक्ती वाया जाते. ब्युरोच्या संकेतस्थळावर चुकीच्या नोंदीवर हरकत घेण्यासाठी 'डिस्प्यूट' नावाची सोय असते आणि माणूस साहजिकच ती वापरतो. कायद्याने ब्युरोला साधारण ३० दिवसांत, तपासादरम्यान तुम्ही नवी माहिती दिली तर ४५ दिवसांपर्यंत, तपास पूर्ण करावा लागतो. पण हा तपास बहुधा असा होतो की तुमची तक्रार एका छोट्या संकेतांकात बसवून ज्या कंपनीने नोंद दिली तिच्याकडे पाठवली जाते, ती कंपनी आपल्या संगणकातले नाव आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक तुमच्या माहितीशी जुळतात का ते पाहते, आणि जुळले की नोंद बरोबर असल्याचे कळवते. चोराने तुमचेच नाव आणि तुमचाच क्रमांक वापरला असल्यामुळे ते जुळणारच! चोरी जितकी पूर्ण, तितकी ती 'बरोबर' ठरते. त्यामुळे तक्रार फेटाळली गेली तर ती खोटी ठरली असे समजून खचून जाऊ नका. बहुतेक वेळा तिच्याकडे कोणी नीट पाहिलेलेच नसते.

यावरचा उपाय कायद्यातच आहे. फेअर क्रेडिट रिपोर्टिंग अ‍ॅक्ट या क्रेडिट रिपोर्टविषयीच्या कायद्याच्या कलम ६०५बी प्रमाणे ओळखचोरीतून आलेली नोंद रोखण्याची, म्हणजे 'ब्लॉक' करण्याची, मागणी करता येते. त्यासाठी ब्युरोला चार गोष्टी द्याव्या लागतात: तुमच्या ओळखीचा पुरावा, ओळखचोरी अहवालाची प्रत, नेमकी कोणती नोंद रोखायची ते, आणि ती नोंद तुमच्या कोणत्याही व्यवहाराची नाही असे तुमचे निवेदन. हे मिळाल्यापासून कामकाजाच्या चार दिवसांत नोंद रोखावी लागते, आणि नोंद देणाऱ्या कंपनीलाही तसे कळवावे लागते. अशी सूचना मिळालेल्या कंपनीला ते कर्ज त्यानंतर विकता किंवा वसुलीला देता येत नाही. साध्या डिस्प्यूटमध्ये हे संरक्षण नाही. म्हणून पत्रात कलमाचा स्पष्ट उल्लेख करा, आपण ब्लॉक मागत आहोत हे पहिल्याच वाक्यात लिहा, आणि तिन्ही ब्युरोंना स्वतंत्र पत्रे पोचपावतीच्या टपालाने पाठवा. त्या खात्यातून वस्तू किंवा सेवा तुम्हालाच मिळाली होती असे आढळले, तर ब्युरो ब्लॉक नाकारू किंवा उठवू शकतो. सुरुवातीला जुन्या खात्याची खात्री करून घ्यायला सांगितले ते यासाठीही.

वसुली कंपनीला वेगळे पत्र लागेल. फेअर डेट कलेक्शन प्रॅक्टिसेस अ‍ॅक्ट या कर्जवसुलीच्या कायद्याप्रमाणे कर्जाची माहिती देणारी सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी हरकत घेतली, तर पडताळणीचा कागद पाठवेपर्यंत तिला वसुली थांबवावी लागते. नोव्हेंबर २०२१ च्या अखेरीपासून लागू असलेल्या नियमांनुसार या सूचनेत हरकतीची अंतिम तारीख छापलेली असते. मित्राला त्या पत्राच्या सर्व पानांची छायाचित्रे आजच पाठवायला सांगा आणि ती तारीख पाहा. ती उलटून गेली असली, तरी हरकत घ्याच. वसुली थांबवण्याचे बंधन तेव्हा कमकुवत होते, पण ओळखचोरी कळवल्यावर मूळ कंपनीला तसे सांगण्याची वसुली कंपनीची जबाबदारी कायम राहते. या लोकांशी फोनवर बोलू नका, आणि बोलावेच लागले तर जन्मतारीख किंवा सोशल सिक्युरिटी क्रमांक त्यांना सांगू नका.

मोबाइल कंपनीशी व्यवहार करताना सगळ्यात जास्त मनस्ताप होतो. ग्राहकाची माहिती जपण्याच्या नियमांमुळे प्रतिनिधी खात्याचा पिन विचारतो, तो पिन चोराने ठरवलेला असतो, आणि मग ज्याच्या नावावर थकबाकी आहे त्याच्याशी कंपनी त्या खात्याबद्दल बोलायला तयार होत नाही. म्हणून ग्राहकसेवेत वेळ न घालवता फसवणूक विभागाचा टपालाचा पत्ता मागा आणि फेअर क्रेडिट रिपोर्टिंग अ‍ॅक्टच्याच कलम ६०९(ई) चा आधार घेऊन मूळ अर्ज व व्यवहारांच्या नोंदी लेखी मागा. ओळखीचा पुरावा आणि कंपनी मागेल ते प्रतिज्ञापत्र व पोलिस तक्रार दिल्यावर या नोंदी ३० दिवसांत विनामूल्य द्याव्या लागतात. हँडसेट कोणत्या पत्त्यावर गेले आणि अर्जात कोणता ईमेल दिला होता, हे त्यातून कळते, आणि पुष्कळदा एवढ्यानेच कंपनीचा सूर बदलतो. तरीही उत्तर आले नाही, तर फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या दूरसंचार नियामक संस्थेकडे तक्रार करा, कारण ती पोहोचल्यावर दूरसंचार कंपनीला ३० दिवसांत लेखी उत्तर द्यावे लागते.

हे सगळे सुरू करण्यापूर्वीच, म्हणजे आजच, तिन्ही ब्युरोंकडे आपली फाइल फ्रीज करा, म्हणजे नवे खाते उघडून देणाऱ्याला ती पाहता येणार नाही, आणि एनसीटीयूईकडेही तसेच करा. सप्टेंबर २०१८ पासून ब्युरोंकडे हे विनामूल्य आहे. प्रत्येक ब्युरोकडे वेगळी मागणी करावी लागते. फ्रॉड अलर्टच्या, म्हणजे नवे खाते देण्यापूर्वी ओळख नीट पडताळा अशा फाइलवरच्या सूचनेच्या, बाबतीत मात्र एकाला कळवले की तो इतरांना कळवतो, आणि ओळखचोरी अहवाल जोडला तर तो अलर्ट सात वर्षे राहतो. नव्याने जाणाऱ्याला फ्रीजची एक अडचण येते. घर भाड्याने घेताना, वीजजोडणी घेताना किंवा फोन घेताना क्रेडिट तपासले जाते, आणि फ्रीज असेल तर अर्ज अडकतो. कोणता ब्युरो तपासणार हे घरमालकाला आधी विचारा आणि तेवढ्यापुरता फ्रीज उठवा. ऑनलाइन किंवा फोनवर मागणी केल्यास तो तासाभरात उठवावा लागतो. घरमालकाला दाखवण्यासाठी ओळखचोरी अहवाल आणि ब्युरोंची उत्तरे सोबत ठेवा. तुमची फाइल विद्यार्थिदशेतल्या थोड्याशा नोंदींचीच असणार, त्यामुळे ही एकच वाईट नोंद तिच्यावर जड पडते, आणि घरमालकाला कारण दिसल्याशिवाय तो ती दुर्लक्षिणार नाही.

न्यायालयाचे समन्स जुन्या पत्त्यावर आले, तर ते बाकी सगळ्यांपेक्षा आधी हाताळावे लागेल. उत्तर न दिल्यास तुमच्या अनुपस्थितीत निकाल लागू शकतो, आणि मग पगारातून वसुली होण्याची वेळही येऊ शकते. अशा वेळी ग्राहक कायद्याचा वकील गाठा. क्रेडिट रिपोर्टिंगच्या कायद्याखाली ग्राहक जिंकला तर वकिलाची फी विरुद्ध पक्षाला द्यावी लागते, म्हणून काही वकील सुरुवातीला पैसे न घेता प्रकरण हाती घेतात. हा दावा उल्लंघन कळल्यापासून दोन वर्षांत, आणि कोणत्याही परिस्थितीत उल्लंघन झाल्यापासून पाच वर्षांत करावा लागतो.

शेवटी मोबाइल कंपनीकडून हे खाते फसवणुकीने उघडले होते आणि त्याबद्दल तुमच्याकडे काहीही येणे नाही, असे तिच्या अधिकृत कागदावर लिहून घ्या. ते पत्र, ब्युरोंची उत्तरे आणि पोचपावत्या किमान सात वर्षे सांभाळा. कर्ज पुन्हा कोणी विकत घेऊन तुमच्या नव्या पत्त्यावर मागणी पाठवली, तर नवी लढाई सुरू करू नका. याच पत्रांच्या प्रती जोडून ३० दिवसांच्या आत लेखी हरकत घ्या, आणि नोंद रिपोर्टवर परतली असेल तर त्याच अहवालाच्या आधारे पुन्हा ब्लॉक मागा.