वरच्या मजल्यावर फ्लश केला की खालच्या बाथरूमच्या जाळीतून गुडगुड आवाज आणि वास येतो. गच्चीवर व्हेंट पाइप न नेता आतच एअर व्हॉल्व्ह बसवला तर चालेल का?

आधी गच्चीवर जाऊन बघा, व्हेंट पाइपाच्या, म्हणजे सांडपाण्याच्या लाइनला हवा देणाऱ्या उभ्या पाइपाच्या तोंडाला कोणी टोपण मारलंय का. आमच्याकडे हेच झालं होतं, म्हणून लिहायला बसले.

आमचं घर नाशिकला, सिडकोत. वर मजला चढवला तेव्हा मोठ्या दिरांनी मिस्त्रीला सांगून व्हेंट पाइप स्लॅबलगत कापला आणि एंड कॅप चिकटवली. का, तर गच्चीवर वाळवणं असतात, तिथे संडासाचा पाइप नको. खाली वास सुरू झाल्यावर मला ऐकू जाईल अशा बेताने सासूबाईंना म्हणाले, "बाथरूम नीट घासलं जात नाही."

मी रोज घासत होते. माझे वडील पंचवटीत प्लंबिंगची कामं घ्यायचे, सुट्टीत मी त्यांना हत्यारं काढून द्यायचे. हा घाणीचा वास नाही, सांडपाण्याच्या चेंबरमधला गॅस आहे, हे मला पहिल्यापासून कळत होतं. संडास आणि नहाणी एकाच लाइनवर. फ्लशचं पाणी चार इंची पाइपातून खाली धावताना मागून हवा मागतं. वरून मिळाली नाही की नहाणी ट्रॅपमधून, म्हणजे जाळीखालच्या पाणी धरून ठेवणाऱ्या भागातून खेचतं, आणि ट्रॅपमधलं जेमतेम दोन इंच पाणी त्याबरोबर जातं. गॅस अडवणारं तेवढंच तर पाणी असतं! मी हे सांगितलं, तर "मिस्त्रीला जास्त कळतं." वडील लेकीचं सासर म्हणून गप्प बसले. ते मला अजून सलतं.

दीर गावी गेले असताना मी ह्यांना करवत घेऊन गच्चीवर पाठवलं आणि कॅप कापायला लावली. वर फ्लश केला, मी खाली टॉर्च धरून उभी. ट्रॅपमधलं पाणी हललं, पण जागेवर राहिलं. पुढे वासही गेला. दीर परत आल्यावर म्हणाले, "ॲसिडने फरक पडला वाटतं." नाही, पाइप उघडल्याने पडला.

नंतर वडिलांनीच पाइप वाढवून दिला. गच्ची वापरात असेल तर निदान दोन मीटर उंच न्या, कोणाच्या खिडकीजवळ तोंड सोडू नका, वर काऊल, म्हणजे जाळीची टोपी बसवा. संक्रांतीनंतर त्यात मांजा अडकलाय का बघत जा. मी कुरडया त्याच गच्चीवर घालते, आजवर कोणाला वास आलेला नाही.

तुमचा एअर व्हॉल्व्ह हवा फक्त आत घेतो, गॅस बाहेर सोडत नाही. त्यामुळे लाइनचं एक तोंड वर उघडं हवंच. लांबच्या एखाद्या बेसिनला व्हॉल्व्ह ठीक आहे.

घर महिनाभर बंद असेल तर नुसता ट्रॅप सुकलेला असतो, तांब्याभर पाणी ओता. लाइन तुंबली तरी गुडगुड होते, तेव्हा करवत चालवण्याआधी चेंबरचं झाकण काढून पाणी साठलंय का बघा. झाकण काढल्यावर लगेच वाकून डोकावू नका, आत तर कोणालाच उतरवू नका.