चढावर क्लच जळतो

प्रश्न : जुनी मिनी बाइक आहे, स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) पुढे १०, मागे ६० दात्यांचं, चाक टायरसकट १२ इंची. ठाण्यात, येऊरच्या पायथ्याशी आवारातल्या चढावर क्लचमधून धूर येतो. का?

उत्तर : तुमचं गुणोत्तर (मागचे दाते भागिले पुढचे) ६ आहे, म्हणजे इंजिनाच्या ३६०० आरपीएमला (मिनिटाला फेरे) ताशी सुमारे ३४ किमी. चढावर इंजिन तिथवर पोहोचतच नाही. सेंट्रिफ्यूगल क्लच (इंजिन वेगात फिरलं की आपोआप धरणारा) अर्धवट धरतो, घसरत राहतो, त्याचा बाहेरचा ड्रम तापून निळा पडतो. मागे ७२ दात्यांचं बसवा. गुणोत्तर ७.२, वेग २८ वर येईल, पण चढावर इंजिन मोकळं फिरेल आणि क्लच वाचेल. आधी जागा तपासा : ३५ नंबर चेनचं हे स्प्रॉकेट त्रिज्येत जवळपास २ सेंमी मोठं, फ्रेमला घासू शकतं. चेन ६ कड्यांनी वाढवा, ढील सव्वा सेंमी. नोंदणी नसेल तर गाडी रस्त्यावर नकोच.