वडिलांच्या जुन्या सीडी ठेवाव्यात की भंगारात द्याव्यात?

प्रश्न: पंचवटीतला जुना वाडा रिकामा करतोय. वडिलांच्या शंभर-दीडशे सीडी निघाल्या, बहुतेक शास्त्रीय आणि नाट्यसंगीत. सगळं मोबाइलवर मिळत असताना त्या ठेवण्यात काही अर्थ आहे का?

उत्तर:

आहे, पण सगळ्याच ठेवण्यात नाही. आणि 'सीडीचा आवाजच वेगळा' हे कारण मी देणार नाही. १९८२ साली सीडी बाजारात आली तेव्हापासून तिचं माप तेच आहे: सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटचा. अ‍ॅपल म्युझिक २०२१ पासून तेवढा किंवा त्याहून वरचा दर्जा देतं. आवाजावरून वाद घालण्यात आता दम नाही. अ‍ॅपवरचं ध्वनिमुद्रण मात्र कंपनीचा करार संपला की एक दिवस दिसेनासं होतं. शिवाय शास्त्रीय संगीतात तबल्यावर कोण, पेटीवर कोण, मैफल कुठल्या सालची, हे सीडीच्या पुस्तिकेत छापलेलं असतं. अ‍ॅपवर गायकाचं नाव आणि फार तर राग. माझ्या मते ती चार पानांची पुस्तिका हाच निम्मा ऐवज आहे.

आधी तीन ढीग करा. खालची बाजू चंदेरी आणि वर कंपनीची छपाई असेल, तर ती कारखान्यात ठसा उमटवून काढलेली सीडी. खालून हिरवट किंवा निळसर झाक असेल, तर ती संगणकावर 'राइट' केलेली. तिसरा ढीग एमपी३ सीडींचा, एकीत पन्नास-शंभर गाणी कोंबलेल्या. मूळ आवाजातला बराच भाग तिथे आधीच कापलेला असतो. ती गाणी इतरत्र मिळत असतील तर हा ढीग खुशाल द्या.

राइट केलेल्या सीडी सर्वांत आधी संगणकावर उतरवून घ्या. त्यांत माहिती सेंद्रिय रंगद्रव्याच्या थरावर असते आणि ऊन-उष्णतेने तो थर विटतो. घरच्या मैफली, आकाशवाणीवरून टेप केलेलं गाणं असा दुसरीकडे कुठेच नसलेला माल नेमका याच ढिगात सापडतो. वर कागदी स्टिकर असेल तर तो ओढू नका, चकाकणारा थर त्याच्यासकट निघून येतो.

ओरखड्यांबद्दल उलटी समजूत आहे. खालच्या बाजूला एक मिलिमीटरहून जाड पॉलिकार्बोनेट असतं, तिथले बारीक ओरखडे प्लेअर भरून काढतो. अ‍ॅल्युमिनियमचा थर छपाईच्या लगेच खाली, नुसत्या लाखेच्या पापुद्र्याआड असतो; तिथे खरवडलं तर ती जागा कायमची गेली. सीडी दिव्यासमोर धरून पाहा, टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर थर कुजायला लागला आहे, अशी सीडी रांगेत पुढे घ्या. पुसताना कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मऊ कापड, आणि हात मधून कडेकडे सरळ. गोल पुसू नका, कारण माहिती गोलाकारच लिहिलेली असते आणि त्याच दिशेचा लांब ओरखडा दुरुस्तीच्या आवाक्याबाहेर जातो. थिनर, पेट्रोल जवळही नको.

उतरवताना बहुतेकांचं इथे चुकतं: विंडोजमध्ये सीडी उघडली की 'ट्रॅक०१.सीडीए' अशा फायली दिसतात आणि लोक त्याच कॉपी करून मोकळे होतात. ती फाइल अवघी ४४ बाइटची, नुसता पत्ता. तिच्यात गाणं नाही. लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नसेल तर एम. जी. रोडवर यूएसबीवर चालणारा डीव्हीडी रायटर मागा. उतरवायला विंडोजवर 'एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी', मॅकवर 'एक्सएलडी', हे दोन्ही प्रोग्रॅम फुकट आहेत. त्यांतला 'सिक्युअर' म्हणजे काळजीपूर्वक वाचणारा मोड लावा आणि फ्लॅक या फाइल-प्रकारात साठवा. तासाभराची सीडी कच्च्या रूपात ६०० एमबीच्या आसपास, फ्लॅकमध्ये साधारण निम्मी होते, आणि आवाजातलं काहीही गळत नाही. प्रोग्रॅममधली 'अ‍ॅक्युरेटरिप' ही सोय इतरांच्या प्रतींशी पडताळा घेते, पण मराठी नाट्यसंगीताच्या सीडी तिच्या यादीत नसण्याचा संभव बराच. तेव्हा 'टेस्ट अँड कॉपी' वापरा: ट्रॅक दोनदा वाचला जातो, दोन्ही वाचनांचे सीआरसी (पडताळणीचे) आकडे जुळले की प्रत बरोबर. जुळले नाहीत तर सीडी पुसून वेग कमी करा, किंवा दुसरा ड्राइव्ह लावून बघा. एकाला न वाचता आलेली सीडी दुसरा सहज वाचतो. नावं देवनागरीत स्वतः टाका आणि पुस्तिका ३०० डीपीआयला स्कॅन करून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. हे कंटाळवाणं काम आहे, दिवसाला चार-पाचच घ्या. शेवटी सगळं दोन वेगळ्या डिस्कवर हवं.

मूळ सीडी डबीतच, उभ्या ठेवा. नाशिकच्या उन्हाळ्यापेक्षा जुलै-ऑगस्टची ओल जास्त नडते. वाड्याच्या पाझरणाऱ्या भिंतीतलं कपाट नको, पुस्तिकांना बुरशी तिथेच धरते. सिलिका जेलच्या पुड्या चालतील, डांबरगोळ्या नकोत, त्यांची वाफ काही प्लास्टिकना बाधते. मऊ पीव्हीसीची पाकिटंही काढून टाका, ती सीडीला चिकटतात.

वडिलांचा प्लेअर 'नो डिस्क' म्हणत असेल तर तो लगेच टाकू नका. बहुधा लेन्सवर धूळ असते: प्लग काढून, कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हलक्या हाताने पुसा. ट्रे अडत असेल तर आतला रबरी पट्टा ताठरलेला असतो, तो बदलता येतो. लेसरचा भागच गेला असेल तर त्यावरचा क्रमांक वाचून तोच आणा. बऱ्याच जुन्या प्लेअरमध्ये सोनीचा केएसएस-२१३ मालिकेतला सापडतो. अशा नव्या भागावर स्थिर विजेपासून बचावासाठी डाखाचा (सोल्डरचा) एक ठिपका दिलेला असतो. केबल जोडल्यावर तो काढायचा राहिला, तर नवा लेसरही पेटत नाही.