दिवाळखोरीचे कागद काउंटीत शोधू नका

अमेरिकेत दिवाळखोरीचे खटले फेडरल न्यायालयात चालतात, काउंटी (राज्याखालचा स्थानिक विभाग) कोर्टात नाही. नवखे नेमके इथेच चुकतात. काउंटीवरून फक्त न्यायालय ठरतं: सांता क्लारा असेल तर कॅलिफोर्नियाचा उत्तर जिल्हा, सॅन होजे विभाग.

मग ‘पेसर’वर, म्हणजे फेडरल न्यायालयांचे कागद ऑनलाइन दाखवणाऱ्या सेवेवर, खातं उघडा. पानाला १० सेंट पडतात, पण तिमाहीत ३० डॉलरच्या आत राहिलात तर शुल्क माफ. आधी डॉकेट (खटल्यातल्या नोंदींची यादी) वाचा, मग हवा तोच कागद उतरवा. न्यायालयातल्या संगणकावर पाहणं फुकट आहे, त्याचा जरूर फायदा घ्या.

स्वतःचा अर्ज करणार असाल तर:
- त्याआधीच्या १८० दिवसांत मान्यताप्राप्त संस्थेकडून कर्ज-समुपदेशन घ्या. हे राहिलं तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो.
- यादीत प्रत्येक धनको लिहा, मित्राची उसनवारीसुद्धा.

चॅप्टर १३, म्हणजे हप्त्यांनी कर्ज फेडायच्या दिवाळखोरीचे बारकावे नंतर बघू.