येशूच्या हातात राज्यघटना: हे चित्र देवघरातलं की निवडणुकीतलं?

प्रश्न: ताई, माझा धाकटा भाऊ अमेरिकेत असतो. त्याच्या ऑफिसातल्या एकाकडे जेवायला गेला होता, तिथे हॉलमध्ये मोठं चित्र होतं, त्याचा फोटो मला पाठवलाय. मधे येशू, त्याच्या हातात अमेरिकेची राज्यघटना, मागे वॉशिंग्टन, लिंकन आणि बरेच सैनिक, पुढे एका बाजूला साधी माणसं आणि दुसऱ्या बाजूला कोणीतरी तोंड झाकून बसलंय. भावाला विचारायचा संकोच वाटला. हे धार्मिक चित्र आहे की राजकीय? आणि यात एवढं ठासून भरलंय ते वाचायचं कसं?

उत्तर: 'वाचायचं' हा शब्द तुम्ही अगदी बरोबर वापरलात, कारण हे चित्र वाचण्यासाठीच काढलंय. वर्णनावरून तरी हे जॉन मॅकनॉटन या अमेरिकेच्या युटा राज्यातल्या चित्रकाराचं 2009 सालचं 'वन नेशन अंडर गॉड' दिसतंय. त्याने वेबसाइटवर अशी सोय केली होती की माउस ज्या माणसावर नेला तो कोण आणि तिथे का उभा आहे ते लिहून यायचं, म्हणजे अर्थ लावायचं काम बघणाऱ्यावर सोडलेलंच नाही.

आपल्याला ही पद्धत नवी नाही. हातात शंख-चक्र दिसलं की आपण मूर्तीचं नाव विचारत बसत नाही. इथेही तसंच आहे, ज्याच्या हातात जे आहे ती त्याची ओळख. पण हातातल्या वस्तूपेक्षा जागा जास्त महत्त्वाची, कोण कुठे उभा किंवा बसलाय ते बघा. येशूच्या उजव्या हाताला, म्हणजे आपल्या डावीकडे, शेतकरी, शाळेतली बाई, डॉक्टर, सैनिक, आई आणि एक स्थलांतरित. त्याच्या डाव्या हाताला प्राध्यापक (हातात डार्विनचं पुस्तक), राजकारणी, बातमीदार, पैसे मोजणारा वकील, आणि तो तोंड झाकून बसलेला, तो सुप्रीम कोर्टाचा न्यायाधीश. त्यांच्या मागच्या काळोखात सैतान आहे. शाळेतली बाई चांगल्यांत आणि कॉलेजातला प्राध्यापक वाइटांत, हे एकदा लक्षात आलं की चित्रकाराचं राजकारण वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

ही मांडणी त्याची स्वतःची नाही, युरोपातल्या चर्चमधे शेकडो वर्षं अंतिम न्यायाची, म्हणजे जगाच्या शेवटी होणाऱ्या निवाड्याची, चित्रं अशीच काढली जायची. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात 25व्या अध्यायात येतं की राजा मेंढरांना उजवीकडे आणि शेरडांना डावीकडे उभं करील, उजवीकडच्यांना राज्य मिळेल आणि डावीकडच्यांना अग्नी. चर्चमधे वाढलेल्या माणसाच्या हे अंगात इतकं मुरलेलं असतं की त्याला कोणी सांगायची गरज नसते, चित्र बघताक्षणी डोळे आपोआप निवाडा करतात.

माझी हरकत नेमकी इथे आहे आणि ती मी मोकळेपणाने सांगते. चित्रकाराच्या श्रद्धेवर मला जराही शंका नाही. तो मॉर्मन, म्हणजे अमेरिकेत निघालेल्या एका ख्रिस्ती पंथाचा आहे आणि मॉर्मन लोकांच्या धर्मग्रंथातच लिहिलंय की देवाने शहाण्या माणसांच्या हातून अमेरिकेची राज्यघटना घडवली, त्यामुळे येशूच्या हातात राज्यघटना हे त्याच्यासाठी ओढूनताणून आणलेलं प्रतीक नाही, त्याच्या घरात ते खरंच तसं मानतात. पण डार्विन शिकवावा का, कोर्टाने कुठला निकाल द्यावा हे वादाचे विषय आहेत, त्यावर माणसं भांडतात, मतदान करतात, चार वर्षांनी मत बदलतात सुद्धा. तो वाद अंतिम न्यायाच्या चौकटीत बसवला की समोरचा चुकलेला उरत नाही, तो पापी होतो, आणि पाप्याशी चर्चा कोण करणार! शिवाय ज्या राज्यघटनेच्या नावाने हे सगळं मांडलंय तिच्यात देवाचं नाव फक्त तारीख लिहिताना येतं, 'आपल्या प्रभूचं वर्ष' असं. उलट सहाव्या कलमात स्पष्ट लिहिलंय की सरकारी पदासाठी कोणाचीही धर्माची परीक्षा घ्यायची नाही.

पण एक गोष्ट त्या चित्रात मला मनापासून आवडते. तो न्यायाधीश. बाकीचे आपापल्या वस्तू घेऊन आहेत आणि हा एकटाच दोन्ही हातांत तोंड लपवून रडतोय. म्हणजे डाव्या बाजूला असून त्याला पश्चात्तापाची वाट दिली आहे. चित्रकाराच्या हातून इथे राजकारण क्षणभर सुटलं आणि नुसता धर्म उरला असं मला वाटतं, आणि चित्रात तेवढी एकच जागा आहे जिथे पुढे काय होणार ते ठरलेलं नाही.

तर देवघरातलं की निवडणुकीतलं? दोन्ही, आणि ते वेगळं करता येऊ नये म्हणूनच तसं काढलंय. भावाला सांगा, यजमानांना संकोच न करता विचार की यातला तुम्हाला सगळ्यात जवळचा वाटतो तो माणूस कोणता. अशा चित्राचे मालक त्याबद्दल खूप आपुलकीने बोलतात आणि त्यातून त्या घराबद्दल जे कळेल ते माझ्या उत्तरातून कळणार नाही.

प्रश्न: जॉर्ज वॉशिंग्टन बर्फात गुडघे टेकून प्रार्थना करतोय, शेजारी घोडा, असं एक चित्र मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय. हे खरंच घडलं होतं का?

उत्तर: चित्र आर्नल्ड फ्रीबर्गचं, 1975 सालचं, अमेरिकेच्या स्वातंत्र्याला 200 वर्षं होणार होती त्याच्या तोंडावरचं. प्रसंग व्हॅली फोर्जचा, स्वातंत्र्ययुद्धात वॉशिंग्टनच्या सैन्याची छावणी तिथे होती, 1777-78 चा हिवाळा. छावणी खरी, हाल खरे, साधारण 12,000 सैनिक तिथे गेले आणि त्यातले जवळपास 2,000 लढाईत नाही तर रोगराईने गेले.

प्रार्थनेचं मात्र तसं नाही. कोणा क्वेकर (युद्ध न मानणाऱ्या ख्रिस्ती पंथातल्या) माणसाने वॉशिंग्टनला झाडीत एकटं प्रार्थना करताना पाहिलं ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पसरली, आणि ती पसरवण्यात मोठा हात होता मेसन वीम्स या पाद्र्याचा, ज्याने वॉशिंग्टनचं चरित्र लिहिलं. लहान वॉशिंग्टनने चेरीचं झाड तोडलं आणि वडिलांना खरं सांगितलं ती गोष्ट आठवतेय? ती पण याचीच, 1806 च्या आवृत्तीतली. छावणीतल्या कोणी त्या वेळी ही प्रार्थना लिहून ठेवल्याचा पुरावा नाही आणि इतिहासकार ती खरी धरत नाहीत. वॉशिंग्टन चर्चच्या कारभारात होता, पत्रांतून दैवी कृपेबद्दल लिहायचा, हे सगळं आहे, पण बर्फातले गुडघे नाहीत.

तरीही 1928 साली अमेरिकेच्या पोस्टाने याच प्रसंगाचं दोन सेंटचं तिकीट काढलं, एका टोकाला गुडघे टेकलेला वॉशिंग्टन आणि खाली 'इन गॉड वी ट्रस्ट'. तिकीट लाखो पाकिटांवरून घरोघर गेलं की मग पुरावा कोण मागतो. मला या चित्राचा राग येत नाही, थकलेला सेनापती एकटा बर्फात वाकलाय ही कल्पनाच इतकी माणुसकीची आहे की ती लोकांना हवीशी वाटणारच. पण हेच चित्र दाखवून 'बघा, आमचा देश मुळात ख्रिस्ती म्हणूनच स्थापन झाला' असं कोणी म्हणायला लागलं की तेव्हा मात्र ठामपणे सांगायला पाहिजे की बाबा रे, हे चित्र 1975 चं आहे, 1777 चं नाही.

प्रश्न: देव, झेंडा, देशभक्ती असं सगळं एकत्र असलेली चित्रं नेहमी उजव्या विचारांच्याच लोकांची का असतात?

उत्तर: नसतात, आणि यावर मी तासभर बोलू शकते. वॉशिंग्टन बर्फाळ नदी ओलांडतोय ते इमान्युएल लॉयत्सचं 1851 चं जगप्रसिद्ध चित्र घ्या, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधे आहे, जवळजवळ साडेबारा फूट उंच आणि 21 फूट रुंद. ते अमेरिकेत नाही, जर्मनीत काढलंय, 1848 च्या फसलेल्या क्रांतीनंतर युरोपातल्या उदारमतवाद्यांना धीर यावा म्हणून. त्यातला झेंडा सुद्धा चुकलाय, नदी ओलांडली डिसेंबर 1776 मधे आणि तो तारे-पट्ट्यांचा झेंडा ठरला जून 1777 मधे. 2018 साली मॅकनॉटनने तीच नाव उचलली, त्यात ट्रम्प आणि त्यांचे सहकारी बसवले आणि नदीच्या जागी राजधानी वॉशिंग्टनची 'दलदल' आणली, भ्रष्ट राजकारणाला ट्रम्प हाच शब्द वापरतात. म्हणजे क्रांतिकारकांना धीर द्यायला काढलेली नाव दीडशेहून जास्त वर्षांनी दुसऱ्याच काठाला लागली.

'वन नेशन अंडर गॉड' हे शब्द अमेरिकेच्या झेंड्यासमोर म्हणायच्या ज्या प्रतिज्ञेतले, ती 1892 साली फ्रान्सिस बेलामी या पाद्र्याने लिहिली आणि तो ख्रिस्ती समाजवादी होता. त्याच्या मूळ प्रतिज्ञेत 'अंडर गॉड' नव्हतंच, ते शीतयुद्धाच्या काळात 1954 मधे घातलं. चित्रकार नॉर्मन रॉकवेलची 1943 ची चार स्वातंत्र्यांची चित्रं, त्यातलं एक उपासनेच्या स्वातंत्र्याचं, ती डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या भाषणावरून काढलेली. प्रतीक कोणाच्या मालकीचं नसतं, जो जास्त वेळा वापरतो त्याचं ते वाटायला लागतं, आणि उदारमतवादी लोकांनी झेंड्याची लाज वाटून घेतली तिथे त्यांची मोठी चूक झाली असं माझं मत आहे.

आणखी एक चित्र सांगते, जॉन गॅस्टचं 'अमेरिकन प्रोग्रेस', 1872 सालचं. मूळ चित्र लहानच आहे, जेमतेम फूटभर उंच, पण त्याचे छापील रंगीत नमुने घरोघर गेले. पांढऱ्या वस्त्रातली एक बाई आकाशातून पश्चिमेकडे निघालीय, कपाळावर तारा, एका हाताशी शाळेचं पुस्तक आणि टेलिग्राफची तार मागे सुटत चाललीय, शिंपिणीच्या हातातून दोरा सुटावा तशी. मागे आगगाड्या आणि उजेड. 2025 च्या जुलैत अमेरिकेच्या होमलँड सिक्युरिटी (अंतर्गत सुरक्षा) खात्याने हेच चित्र अभिमानाचा वारसा म्हणून सोशल मीडियावर टाकलं. बाईकडे सगळ्यांचं लक्ष जातं, तुम्ही जरा डावा कोपरा मोठा करून बघा. तिथे अंधार आहे, आणि त्या अंधारात पळणारे मूळ रहिवासी आहेत, चित्राच्या चौकटीबाहेर जाता जाता त्यांच्यातले काही मान वळवून त्या बाईकडे बघतायत.