बाबांनी बरोबर जायचं की नाही?

"मॅडम, मुलाच्या मॅचेस मुंबईत आहेत. ह्यांनी त्याच्याबरोबर जायचं की नाही? गेले तर तो बिथरतो, नाही गेले तर ह्यांना झोप लागत नाही." वेंगुर्ल्याच्या एका आईनं विचारलेला हा प्रश्न समुपदेशक म्हणून मी बऱ्याच घरांतून ऐकला आहे. तिचा मुलगा १४ वर्षांखालच्या संघातला वेगवान गोलंदाज. त्याला आपण बाबू म्हणू. घरच्यांच्या परवानगीनं लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आधी एक सांगते, वडील माया करणारे होते. धंदा सांभाळून रोज संध्याकाळी बाबूला सड्यावर, म्हणजे कातळाच्या मोकळ्या पठारावर न्यायचे, शाळेचा सराव झालेला असला तरी आणखी आठ-दहा षटकं टाकून घ्यायचे. मॅच असली की सीमारेषेवर उभे. फुल टॉस पडला की कपाळाला हात. चेंडू हातातून सुटला की बाबूची नजर फलंदाजाकडे नाही, वडिलांकडे जायची. माझ्याकडे दोघं आले तेव्हाही प्रत्येक प्रश्नाला तो आधी त्यांच्याकडे बघत होता.

या खेपेला वडिलांनी घरी राहावं असं ठरलं. संघातली बरीच मुलं पहिल्यांदाच मुंबईला निघाली होती, म्हणून सरांनी मलाही सोबत बोलावलं. कुडाळहून संध्याकाळची तुतारी एक्स्प्रेस. पत्ते झाले, डबे संपले, चिपळूण गेल्यावर सगळी आडवी झाली. बाबू तेवढा खिडकीशी बसून होता.

"झोप येत नाही?"

"आडवो पडलंय काय कंबर दुखता."

"कधीपासून?"

"गणपतीपासून." म्हणजे दोन महिने झाले होते.

"बाबांना का नाही सांगितलंस?"

"तेंका सांगलंय तर ते लगेच ॲक्शन बघूक लागतत. तुमका क्रिकेट कळणा नाय, म्हणान सांगतंय."

त्या वाक्यानं मला रात्रभर जागं ठेवलं. घरात क्रिकेट सगळ्यात जास्त कळणाऱ्या माणसापासूनच त्यानं हे दुखणं लपवलं होतं, कारण त्याची प्रत्येक गोष्ट तिथं गोलंदाजीचाच भाग व्हायची.

आणि दुखणं साधं नव्हतं. या वयात कण्याची हाडं अजून पक्की झालेली नसतात. वेगवान गोलंदाज चेंडू सोडताना एका बाजूला वाकतो आणि त्याच वेळी वळतो. तोच ताण त्याच जागी शेकडो वेळा पडला तर कमरेच्या मणक्याला बारीक तडा जाऊ शकतो. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळानं या वयासाठी सलग ६ आणि दिवसभरात १२ षटकांची मर्यादा सांगितली आहे, ती यासाठीच. बाबूची सड्यावरची षटकं कुणी मोजलीच नव्हती.

मी त्याला स्पष्ट सांगितलं, हे मी गुपित ठेवू शकत नाही. पण कुणाला, कधी आणि कुणी सांगायचं ते आपण दोघांनी ठरवू. बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, "सरांका तुमी सांगा. बाबांका मी सांगतंय."

सरांनी सकाळीच त्याला संघाबाहेर बसवलं. तो रडला, आणि मी त्याला रडू दिलं. "पुढच्या वर्षी खेळशील" हे वाक्य अशा वेळी मोठ्या माणसांच्या सोयीचं असतं.

आझाद मैदानावर २२ खेळपट्ट्या. एका मॅचचे क्षेत्ररक्षक दुसऱ्या मॅचमध्ये उभे असतात, धावत निघालेल्या गोलंदाजापुढे परका चेंडू येतो. कातळावर अंथरलेल्या मॅटिंगची, म्हणजे चटईच्या खेळपट्टीची सवय असलेली आमची मुलं बावरून गेली. दुपारी बाबूनं वडिलांना फोन लावला. मी जवळ होते, बोलले नाही. त्यानं दोन वाक्यांत सांगून टाकलं. पलीकडे एवढी शांतता, की फोन कटला असं मला वाटलं. मग आवाज आला, "मी येव काय?"

बाबूनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली नाही की डोळ्यांनी काही सुचवलं नाही.

"येवा," तो म्हणाला.

त्या रात्री वडिलांचा मला फोन आला. तिथं येऊन करू काय, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी म्हटलं, जेवण, पाणी, झोप आणि कंबर यांची विचारपूस करा. चेंडूचा विषय त्यानं काढला तरच बोला, आणि तेव्हाही आधी ऐका. ते म्हणाले, "कठीण आसा." खरंच कठीण होतं ते त्यांना. (नंतर डॉक्टरांनी एमआरआय बघून तीन महिने गोलंदाजी बंद केली. तेव्हा या माणसानं स्वतः वहीत षटकं लिहायला सुरुवात केली.)

दुसऱ्या दिवशी ते सगळ्या पोरांसाठी मालवणी खाजं घेऊन आले. बाबू स्कोअररच्या शेजारी बसला होता, तिथंच सतरंजीवर टेकले. हात मांडीखाली दाबून ठेवले होते. आमच्या गोलंदाजानं लागोपाठ दोन वाइड टाकले, तरी ते गप्प. बाबूच म्हणाला, "मॅटिंगार बॉल उठता, हय तसो उठणा नाय. तेचो अंदाज चुकता."

"मगे लांबी खय व्हयी?" त्यांनी विचारलं.

बाबूनं खाज्याचा तुकडा तोंडात टाकला आणि बोटानं सतरंजीवर खेळपट्टी काढायला घेतली.